जागलीला गेलेला टॉर्च

फुलसावंगीच्या भगवानरावांनी उभ्या आयुष्यात कुठलीही वस्तू एका दमात घेतली नाही. बैलाचे दात आणि खूर तर सगळेच बघतात, भगवानराव बैलवाल्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारायचे, "बाई, खरं सांगा, हा रातचा हंबरते काय?" मैनाबाईंना पाहायला गेले होते, तेव्हा पोहे संपल्यावर त्यांनी बशी उलटी करून ती कुठल्या कंपनीची आहे ते वाचलं होतं. या गोष्टीला आता नातवंडं झाली, तरी मैनाबाई ती सांगायचं सोडत नाहीत. "बशी उलटीपालटी करून पाह्यली बापा," त्या म्हणतात, "माह्याकडे तं मान वर करूनही नाई पाह्यलं."

गावात मात्र या चौकसपणाला मोठा मान होता. फवारणीचा पंप असो, ताडपत्री असो की कुकर असो, लोक आधी विचारायचे, भगवानरावनं कोणता घेतला? आणि त्यांनी घेतला असला की डोळे झाकून तोच घ्यायचे. माणसाला अशी ख्याती एकदा चिकटली की ती सांभाळणं हा एक धंदाच होऊन बसतो. भगवानराव तो धंदा मन लावून करत.

गाडी घेतली तेव्हाही त्यांनी कसर ठेवली नाही. आर्णीच्या एका मास्तरांची चार दारांची पांढरी गाडी, जुनी पण जपलेली. भगवानरावांनी चारही टायरांना लाथा घातल्या, पाचव्या स्टेपनीलाही घातली, दारं आपटून पाहिली, सीटांचा वास घेतला, गाडीखाली निजून वर बघितलं. मास्तर बिचारे शेवटी म्हणाले, "अहो, गाडी आहे, सून नाही." पण हे सगळं तपासणं झालं भर दुपारी. गाडीला अंधारातही जावं लागतं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ते ध्यानात आणून दिलं ढाणकीच्या रस्त्यानं. मैनाबाईंची थोरली बहीण धुरपताबाई ढाणकीला दिली आहे. तिच्याकडून परत येताना दिवस बुडाला आणि एका पुलाजवळ गाडी पंक्चर झाली. मोबाईल मेला होता. आता मोबाईल अशा वेळी जिवंत राहिला तर तो मोबाईल कसला! मैनाबाईंनी पिशवीतली आगपेटी काढली, एकेक काडी ओढून धरली, बोटं भाजून घेतली. तेवढ्यात चाकाचा एक नट गडगडत रस्त्याकडेच्या गवतात गेला. भगवानराव म्हणाले, "मैना, जरा गवतात हात फिरव बरं."

मैनाबाईंनी हात फिरवला. हाताला गार, मऊ काहीतरी लागलं आणि ते हललं. त्या बाईनं जी किंकाळी फोडली, ती पैनगंगेपार गेली असेल. निघाला बेडूक. पण तो बेडूक आहे हे कळेपर्यंत मैनाबाईंच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. सापच धरला असं समजून त्यांनी मनातल्या मनात लेकीला, सुनेला, सगळ्यांना शेवटचं भेटून घेतलं होतं. त्या तिथंच उभ्या राहून म्हणाल्या, "माहूरच्या आईची आन घेऊन सांगतो, या गाडीत धड उजेडाचं काही ठेवल्याबिगर मी हिच्यात पाय ठेवनार नाई."

आणि बाई शब्दाची पक्की. पुढच्याच बाजारी ती गेली काळी-पिवळीनं. काळी-पिवळी म्हणजे दहाजणांच्या जागेत पंधराजण कोंबणारी जीप. भगवानरावांना काही घरी राहवेना, ते आपली गाडी घेऊन मागून निघाले. पुढं कोंबड्यांसारखी माणसं भरलेली जीप, तिच्यात मैनाबाई, आणि मागं एकटे भगवानराव, चार मोकळ्या सीटांसह. पानठेल्यावरच्या लोकांना आणखी काय पाहिजे? "काय जी भगवानराव, वरातीमागून घोडं काहून?" एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, "घोडं नाई रे, वहिनीची पायलट गाडी आहे ते!"

भगवानरावांनी काच वर केली. पण काचेतूनही ऐकू येतंच ना. ज्या माणसानं घेतलेली ताडपत्री सगळा गाव डोळे झाकून घेतो, त्यानं घेतलेल्या गाडीत त्याची बायकोच बसत नाही! हे त्यांना फार लागलं. रात्री भाकरी उतरेना.

त्यातच धुरपताबाईंच्या नातीचं, समीक्षाचं साक्षगंध ठरलं. साक्षगंध म्हणजे आमच्याकडे साखरपुडा, पण थाट लग्नाच्या पाऊण पट. ढाणकीला मांडव, चार गावचे सोयरे, आणि मांडवाच्या तोंडाशी स्वागताला उभे राहणार भगवानरावांचे साडू. साडू म्हणजे काय चीज असते ते ज्याला साडू आहे त्यालाच ठाऊक. या साडूबुवांच्या कानावर काळी-पिवळीची गोष्ट केव्हाच गेली होती, आणि ते फोनवर अगदी मधाळ आवाजात विचारत होते, "मंग, मैनाबाईसाठी यष्टीस्टँडवर मानूस पाठवू काय?"

भगवानरावांनी फोन ठेवला आणि ते सरळ चुलीपाशी येऊन बसले. "मैना, टार्च आणला तं बसशील?"

"बसीन ना. मले काय काळी-पिवळीत मजा येऊन राह्यली काय?" मैनाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "दोनच गोष्टी पायजेत. जळला पायजे, अन् गाडीत पायजे."

भगवानरावांनी मान डोलावली. पण ऐकली त्यांनी पहिलीच गोष्ट. दुसरी त्यांना इतकी सोपी वाटली की ती कानावरून तशीच गेली.

आता इथं एक सांगून ठेवतो. टॉर्चला आमच्याकडची म्हातारी माणसं बॅटरीच म्हणतात. पण बॅटरी गाडीलाही असते, आणि भगवानरावांच्या गाडीची बॅटरी हे एक वेगळंच रडगाणं आहे. घोटाळा नको म्हणून आपण आपलं टॉर्चच म्हणू.

तर टॉर्चची निवड सुरू झाली. पुण्याला कंपनीत असलेल्या पुतण्यानं, कपिलनं फोनवर सांगितलं, "काका, बाकी काही बघू नका, लुमेन किती ते बघा." लुमेन म्हणजे काय, एकरी किती लागते, हे विचारायचं भगवानरावांनी लाजेखातर टाळलं आणि ते बसस्टँडवरच्या गोपालच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. "गोपाल, याच्यात लुमेन आहे काय?"

गोपाल हा असा दुकानदार की जगात अशी वस्तू नाही जी त्याच्याकडे नाही, आणि नसलीच तर ती कंपनीनंच बंद केलेली असते. तो डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "काका, पहिले यायचे लुमेनवाले. आता कंपनीनं काढून टाकलं. लय कंप्लेंट येत होत्या."

"तेच म्हटलं मी," भगवानराव म्हणाले.

पानठेल्यावर मग सभा भरली. सेलचा घ्यावा की चार्जिंगचा? सेलच्या पक्षाचं म्हणणं, की चार्जिंगचा टॉर्च गाडीत पडून पडून उतरून जातो, आणि ज्या दिवशी काम पडेल त्या दिवशी पाहुण्यासारखा घोरत असतो. चार्जिंगच्या पक्षाचं म्हणणं, की सेल पडून राहिले की पाझरतात, आतली स्प्रिंग हिरवी पडते, मग टॉर्च नारळासारखा आपटा नाहीतर कानाशी हलवा, काही उपयोग नाही. दोन्ही बाजू बरोबर होत्या, म्हणूनच भांडण जोरात झालं. एकजण तर म्हणाला, गाडीत कंदील ठेवा. त्याला बाकीच्यांनी चहा पाजून गप्प बसवलं.

गोपालनं तीन टॉर्च, पसंत पडेल तो ठेवा या बोलीवर, घरी नेऊ दिले. भगवानराव आहेत म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? पहिल्या टॉर्चला रेडिओ होता, भोंगा होता, डास मारायची जाळी होती, मोबाईल लावायची पिन होती. उजेडही होता, पण तो सगळं झाल्यावर उरलासुरला. भगवानरावांनी भोंगा वाजवून पाहिला तर शेजारच्या इंदुताईंची म्हैस दावं तोडून पळाली. ती दुसऱ्या गल्लीतून धरून आणावी लागली. तो टॉर्च बाद झाला.

दुसरा दिसायला देखणा. डब्यावर बर्फात उभ्या शिपायाचं चित्र. भगवानरावांनी त्याला आधी पाण्याच्या बादलीत बुडवला. तिथं तो टिकला. मग गच्चीवरून खाली सोडला. तिथंही टिकला. मग त्यांच्या मनात आलं, उन्हाळ्यात बंद गाडी म्हणजे भट्टी, तेव्हा उष्णताही पाहिली पाहिजे. दिवस तर थंडीचे. म्हणून त्यांनी तो चुलीच्या वैलाजवळ ठेवला. मैनाबाई म्हणाल्या, "टार्चची भाजी करता काय जी?" भाजी झाली नाही, पण शिपायाच्या टॉर्चची मान वाकडी झाली ती झालीच. गोपालला तो परत देताना भगवानरावांनी ऐटीत सांगितलं, "कमजोर माल आहे. ठेवत जाऊ नको असा." गोपालनं वाकड्या मानेकडे पाहिलं आणि मुकाट्यानं ठेवून घेतला.

तिसरा मात्र टॉर्च नव्हता, तोफ होती. हातभर लांब, पिवळा, चार्जिंगचा, आणि गाडीत लावून चार्ज करायची वायर सोबत. पाण्यात पडला, गच्चीवरून पडला, वैलाजवळ बसला, तरी जसाच्या तसा. दिवेलागणीला भगवानरावांनी तो गच्चीवरून लावला, आणि बाप्पा, तो उजेड गावावरून निघाला तो थेट नाल्यापलीकडच्या तांड्यावरच्या बाभळीला जाऊन टेकला! दोन मिनिटांत तांड्यावरून डोंगरसिंग राठोडचा फोन. हा भगवानरावांचा जुना दोस्त. त्याची तूर ढाणकीच्या रस्त्याला लागूनच आहे.

"भिया, कोन मारून राह्यलं लाईट? आमची नंदाबाई आंगनात भाकरी थापत होती, तिले वाटलं पोलीस आले!"

भगवानरावांचं मन भरून आलं. लेकाच्या लग्नात फेट्यातही ते इतके खूश नव्हते. त्यांनी गाडीचा डॅशबोर्ड उघडला, टॉर्च डब्यात घातला, डबा आत ठेवला, आणि मैनाबाईंना हाक मारून दाखवला. मैनाबाईंनी बटण दाबून पाहिलं. "जळते," त्या म्हणाल्या. "ठेवा आता इथंच."

इथंच ठेवला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण ते दिवस तुरीचे. शेंगा भरल्या की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, वावरात उतरतात. एक कळप एका रात्रीत वर्षाचं पीक आडवं करतो. म्हणून कास्तकार अंधार पडला की मचाणावर जाऊन बसतो, डबा वाजवतो, फटाके लावतो, उजेड फिरवतो. याला जागल म्हणतात. आणि जागलीचा आमच्याकडे एक रिवाज आहे. कुणी मीठ मागितलं तर नाही म्हणा, साखर मागितली तर नाही म्हणा, पण जागलीसाठी मागितलेला उजेड नाही म्हणायचा नाही. ज्यानं उजेड नाकारला त्याच्याच तुरीत डुकरं मुक्कामाला येतात, असं जुनी माणसं सांगतात. भगवानरावांच्या वावराला स्वतःचं झटका मशीन होतं, तारेला तोंड लावलं की डुक्कर कोलांटी खातं, त्यामुळे त्यांना डुकरांची धास्ती नव्हती. पण रिवाज तो रिवाज.

आणि खरं सांगायचं तर नुसता रिवाजच नव्हता. लोक मागायला यायचे ते कसे? "काका, तो तांड्यापर्यंत जाते तो टार्च द्या ना." आता असं म्हटल्यावर कुठल्या माणसाचा हात आखडेल? भगवानराव स्वतः डॅशबोर्ड उघडून द्यायचे, वरून बटण कसं दाबायचं ते दाखवायचे. सकाळी टॉर्च परत यायचा, त्याच्यासोबत त्याची कीर्ती यायची. काल पुढच्या नाल्यात सात डुकरं पळाली, परवा रोही तर आंधळाच झाला. भगवानराव तो गाडीतच चार्जिंगला लावायचे, आणि अंधार पडायच्या आत तो पुन्हा कुणाच्या तरी मचाणावर गेलेला असायचा. गाडीत राहायचा तो डबा. मैनाबाईंना वाटायचं, डबा आहे म्हणजे टॉर्च आहे.

साक्षगंधाचा दिवस उजाडला. मैनाबाई ठेवणीतलं पातळ नेसून, डोक्याला मोगऱ्याचं तेल लावून गाडीच्या दाराशी आल्या. आत बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "टार्च आहे ना गाडीत?"

टॉर्च काल दुपारीच डोंगरसिंगनं नेला होता. सकाळी आणून देतो म्हणाला होता, पण रात्रभर जागलेला माणूस सकाळी कुठला येतो? तांड्यावर जाऊन आणावा तर साक्षगंधाची वेळ टळणार. आणि नाही म्हणावं तर समोर काळी-पिवळी भोंगा वाजवत उभी. त्यांनी मनाशी हिशेब केला, सकाळचे जातो, दुपारी जेवतो, दिवस असताना परत येतो. उजेडाचं काम पडतं कुठं? त्यांनी डॅशबोर्ड उघडून डबा दाखवला.

"आहे," ते म्हणाले.

मैनाबाई बसल्या. दार लावलं. मग भगवानरावांनी गाडी पानठेल्यावरून अशी सावकाश नेली, जशी काही रस्त्यात अंडी अंथरली आहेत. गरज नसताना हॉर्न वाजवला. पानठेल्यावरचे लोक उठून उभे राहिले. "बसल्या बरं वहिनी!" कुणीतरी ओरडलं, आणि मैनाबाईंनी हसून पदर सावरला. त्या हसण्यानं भगवानरावांना जरा टोचलं, पण चढावर गाडीचा गियर बदलावा लागला आणि ते टोचणं मागं राहिलं.

मांडवात साडूबुवांनी मैनाबाईंना गाडीतून उतरताना डोळे भरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला. भगवानरावांना स्वर्ग दोन बोटं उरला. चहा घेता घेता त्यांनी टॉर्चचं आख्यान लावलं. बादली, गच्ची, चूल, तांड्याची बाभूळ. सोयरे मांडी घालून ऐकायला बसले. साडूबुवा शेवटी म्हणाले, "गाडीतच आहे ना? मंग आणा ना, दाखवा."

"दिवसा काय दाखवायचा?" भगवानराव कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "सूर्याले दिवा दाखवता काय?"

सगळे हसले. मैनाबाई बायकांत बसल्या होत्या. त्याही कौतुकानं हसल्या.

दुपारी जेवायचं होतं, पण साक्षगंधाची दुपार म्हणजे कुणाची दुपार? नवऱ्याकडचे उशिरा आले, अंगठ्या झाल्या, फोटो झाले, मग फोटो काढणाऱ्याचे आपल्या आपल्यात फोटो झाले. भगवानराव दर घडीला आभाळाकडे बघत होते. समीक्षाच्या खुशी नावाच्या भाचीनं त्यांचा मोबाईल मागून नेला होता आणि त्यात कार्टून बघून बघून त्याचा जीव घेतला होता. पंगत बसली तेव्हा ऊन मांडवाच्या कडेला गेलं होतं. थंडीचा दिवस, तो काय भगवानरावांसाठी थांबतो? दुसऱ्यांदा बुंदी न घेता ते उठले, हे पाहून धुरपताबाईंना वाटलं, मेहुणे रुसले. त्यांची समजूत काढण्यात आणखी वेळ गेला.

अर्ध्या रस्त्यात दिवस बुडाला. भगवानरावांनी हेडलाईट लावले. मैनाबाई समीक्षाच्या होणाऱ्या सासूचं वर्णन करत होत्या, एवढ्यात गाडी एका खड्ड्यात आपटली, आतून खाड्कन आवाज आला, आणि सगळं एकदम बंद. इंजिन बंद, लाईट बंद, हॉर्नसुद्धा बंद. दोन्ही बाजूंना तूर, वर चार चांदण्या.

मैनाबाई जराही घाबरल्या नाहीत. हेच भगवानरावांना सहन होईना. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "काढा टार्च."

भगवानराव उगाच किल्ली फिरवत राहिले. "होईल सुरू. वायर सुटली असंन."

"हाव ना, मंग टार्च काढा अन् पाहा." असं म्हणून त्यांनी स्वतःच डॅशबोर्ड उघडला, चाचपून डबा काढला. डबा हातात येताच तो हलका लागला. त्यांनी तो कानाशी हलवला. मग झाकण उघडून आत हात घातला. एखाद्या माणसाच्या खिशात हात घालावा तसा, हळूच.

भगवानरावांना आपण आत्ता या गाडीत नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

"कुठी आहे?"

"डोंगरसिंगजवळ."

"कवापासून?"

"कालपासून. जागलीले नेला. तो सकाळी आणनार होता, पन..."

मैनाबाईंनी डब्याचं झाकण नीट लावलं. डबा परत डॅशबोर्डात ठेवला. "सकाळी मी विचारलं," त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही 'आहे' म्हटलं." एवढंच. मागच्या वेळी त्या किंचाळल्या होत्या ते परवडलं, असं भगवानरावांना झालं.

ते मुकाट्यानं खाली उतरले. बॉनेट उघडून आत हात घातला, गरम काहीतरी लागलं, हात झटकला, हातातला पाना खाली पडला आणि गाडीखाली गेला. मग तो माणूस, ज्याच्या ताडपत्रीवर गावाचा विश्वास, साक्षगंधाच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत दोन हात आणि दोन गुडघे टेकून रस्त्याच्या कडेला चाचपडू लागला. अंगानं ते भरलेले, आणि थंडीमुळे नाक चोंदलेलं. त्यामुळे दर हाताला एक हुंकार निघत होता.

एवढ्यात तुरीतून एक उजेड निघाला. साधासुधा नाही. पांढरा फटफटीत, डोळे फोडणारा, हातभर जाड. तो थेट भगवानरावांच्या पाठीवर येऊन बसला.

"डुक्कर! ए राजकुमार, डुक्कर आहे, लय मोठा आहे! लाव, लाव फटाका!"

आणि सुतळी बॉम्ब फुटला. एक फुटला, दुसरा फुटला, पत्र्याचा डबा धडाधडा वाजू लागला. भगवानरावांची पाचावर धारण बसली. ते दोन्ही हात वर करून उभे राहिले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "अरे मी आहे! मी, भगवानराव!"

डबा थांबला. उजेड मात्र तोंडावरून हलला नाही. मचाणावरून डोंगरसिंगचा आवाज आला, "भगवानराव? मंग चार पायावर कायले चालून राह्यले, भिया?"

भगवानरावांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्यांचाच टॉर्च, त्यांनीच बादलीत बुडवून, गच्चीवरून टाकून, चुलीपाशी भाजून निवडलेला, त्यांच्याच डोळ्यांत घुसला होता. आणि अशा घडीलाही, बघा माणसाचा स्वभाव, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पाह्य मैना! कुठून कुठं पडला उजेड!"

गाडीची काच तेवढी वर गेली.

डोंगरसिंग आणि त्याचा लेक राजकुमार खाली आले. राजकुमार दोन लेकरांचा बाप, ट्रॅक्टरचं काम येणारा. त्यानं बॉनेटमध्ये टॉर्च धरून बघितलं, बॅटरीची वायर निघाली होती ती बसवली. गाडी सुरू झाली. पण हेडलाईट गेले ते गेलेच. आता अंधारात बिनालाईटची गाडी न्यायची कशी? राजकुमार म्हणाला, "मी मोटारसायकल पुढं घेतो, तुम्ही मागून या."

मैनाबाई गाडीतून उतरल्या. डोंगरसिंगच्या हातातून टॉर्च घेतला आणि पदर खोचून राजकुमारच्या मागं एका बाजूला बसल्या. "मी दाखवतो त्याइले रस्ता," त्या म्हणाल्या.

असे ते गावात शिरले. पुढं मोटारसायकल, तिच्यावर मैनाबाई मागं टॉर्च धरून, आणि मागं एकटे भगवानराव, चार मोकळ्या सीटांसह. पानठेला अजून उघडा होता. आजवर त्या लोकांनी थट्टेची एक संधी सोडली नव्हती, पण मैनाबाईंचा चेहरा पाहून त्या दिवशी कुणी तोंड उघडलं नाही. भगवानरावांना वाटलं, यापेक्षा ओरडले असते तर बरं होतं.

घरी आल्यावर मैनाबाईंनी पातळ बदललं, हातपाय धुतले, चहा टाकला. भगवानराव चुलीपाशी येऊन बसले. म्हणाले, "उद्या दोन टार्च घेतो. एक जागलीचा, एक गाडीचा. त्याले कुलूपच लावतो."

"टार्च द्या ना लोकायले," मैनाबाई म्हणाल्या. "जागलीले नाई म्हनू नये, हे मले तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. माहा बापही देत होता." मग त्यांनी चहाची कपबशी त्यांच्यासमोर ठेवली. "पन मले 'नाई' म्हनायले काय झालतं तुमाले? गाडीत टार्च नाई, डोंगरसिंगनं नेला, एवढं सांगतलं असतं, तं मी तशीच बसली असती."

भगवानरावांनी कप उचलला नाही. बशीकडे बघत बसले. उलटी करून बघायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी गाडी अंगणात काढली. हेडलाईट दुरुस्त केले होते, मोबाईल चार्ज केला होता, काचासुद्धा पुसल्या होत्या. नाक्यावर काळी-पिवळी भोंगा वाजवत होती. मैनाबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. नाक्याकडे गेल्या नाहीत. गाडीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"टार्च आहे गाडीत?"

आदल्या संध्याकाळी विमलताई येऊन टॉर्च घेऊन गेल्या होत्या. एकटी बाई, तिच्या तुरीत रोही उतरलेला. नाही कसं म्हणणार? डबा तेवढा डॅशबोर्डात होता. भगवानरावांचा हात सवयीनं तिकडं गेला, आणि वाटेतच थांबला.

"नाई," ते म्हणाले. "काल विमलताईनं नेला."

मैनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं मान वर करून पाहिलं. मग दार उघडून त्या आत बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

"चला मंग," त्या म्हणाल्या. "दिवस बुडायच्या आत येऊ."